केरसुणी कोणी धरावी?

आपल्या शाळेत सायंकाळची शेवटची घंटा झाली म्हणजे मुले लागलीच घरी जात नाहीत. प्रथम बाके भिंतीकडे सरकविली जातात, दप्तरे व्हरांड्यात ओळीने ठेविली जातात, आणि मग पाचवीपासून आठवीपर्यंतच्या प्रत्येक वर्गातील आठ आठ मुलांच्या तुकड्या आपापल्या कामास लागतात. एक तुकडी वर्ग झाडते, दुसरी फळे व खिडक्या पुसते, तिसरी पटांगणातील पालापाचोळा खराट्याने गोळा करिते, चौथी फुलझाडांस पाणी घालते. वसतिगृहातील मुलांस याखेरीज पंगतीत वाढण्याची व जेवणघर झाडण्याची पाळी असते. शाळेतील या सर्व कामास पंचवीस मिनिटे लागतात. त्यानंतर प्रार्थना होते आणि शाळा सुटते.

ही पंचवीस मिनिटे आपल्या शाळेत इतकी जुनी आहेत की, त्यांविषयी कधी काही लिहावे लागेल असे आम्हांस वाटले नव्हते. परंतु गेल्या जून महिन्यात शाळा उघडताच या कामाविरुद्ध दोन अर्ज आले. त्या दोन अर्जांनी आम्हांस वर्षभर विचार करावयास लाविले. त्या विचाराचे फळ आम्ही या अंकाच्या द्वारे पालकांपुढे व आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहो.

पहिला अर्ज गावातून येणाऱ्या मुलांच्या काही पालकांचा होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मुले शाळेत विद्या शिकण्यासाठी येतात, शाळा सुटल्यावर त्यांस शिकवणीला जावयाचे असते, काही मुलांपुढे शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तेव्हा झाडलोटीसाठी शाळेने एक गडी ठेवावा, त्याचा पगार आम्ही वर्गणी करून देऊ, आणि जी मुले वर्गणी देतील त्यांस या कामातून मोकळे करावे. अर्जाची भाषा सौम्य होती आणि त्यावर सह्याही पुष्कळ होत्या.

दुसऱ्या अर्जावर एकच सही होती. हे गृहस्थ एका कचेरीत शिपाई आहेत. त्यांची आजी नगरपालिकेत झाडूवाली होती, आईही तेच काम करीत निवृत्त झाली. त्यांनी लिहिले होते की, आमच्या घरातील केरसुणी सुटावी म्हणून माझ्या आईने मला शिकविले आणि त्याच हेतूने मी माझ्या मुलास आपल्या शाळेत घातले. शाळेने त्याच्या हाती पुन्हा तीच केरसुणी द्यावी, हे मला सोसवत नाही.

दोन्ही अर्जांची मागणी एकच. परंतु त्यांस एकच उत्तर देता येईल असे जो समजेल त्याची मोठी चूक होईल. आमच्या मते पहिल्या अर्जास नकार दिलाच पाहिजे, आणि दुसऱ्या अर्जापुढे प्रथम आपली मान खाली घातली पाहिजे. तसे का, ते सांगतो.

पहिल्या अर्जातील वेळेची तक्रार अगदीच निराधार नाही. आजचे मूल सकाळपासून रात्रीपर्यंत घड्याळाच्या काट्याशी बांधलेले असते, हे आम्ही पाहतो. पण जी पंचवीस मिनिटे वाचवावयाची ती कोठे जाणार, हेही आम्ही पाहतो. भ्रमणध्वनीच्या लहानशा काचेपुढे मुलांची याहून अधिक मिनिटे रोज जातात आणि त्याविषयी अर्ज येत नाही. शिवाय ज्या मुलाने दिवसभर बाकावर बसून मान व डोळे शिणविले, त्याने संध्याकाळी मोकळ्या हवेत हातपाय हलविले तर त्याच्या अभ्यासाचे नुकसान होते असे आम्हांस वीस वर्षांच्या शिकविण्यात दिसून आलेले नाही.

तथापि आमचा खरा आक्षेप वेळेसंबंधी नाही. तो वर्गणीसंबंधी आहे. ज्यांस पैसे देता येतील ती मुले मोकळी होणार. मग उरणार कोण? वसतिगृहातील मुले उरणार. त्यांचे आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघून जातात आणि कारखान्यांचा गळीत हंगाम संपेपर्यंत परत येत नाहीत. त्यांची शाळा सुटू नये म्हणून ती आमच्यापाशी राहिली आहेत. गडी एक आणि वर्ग अनेक. तेव्हा जे काम उरेल ते सुट्टी न मिळालेल्या याच मुलांच्या माथी येणार. म्हणजे एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी एकाने कागदाचे कपटे टाकावे व दुसऱ्याने ते उचलावे, असा रिवाज शाळेनेच पाडून द्यावयाचा! गणिताच्या तासाला आम्ही त्या दोघांस समान शिकवू; परंतु शेवटच्या पंचवीस मिनिटांत ती जे शिकतील ते गणितापेक्षा अधिक काळ लक्षात राहील.

आमच्या देशात शाळेच्या दाराशी आणि शाळेच्या जमिनीवर काय काय घडलेले आहे, याचे विस्मरण होऊ देता कामा नये. १८५६ साली धारवाड येथील सरकारी शाळेने एका महार मुलास प्रवेश नाकारला आणि त्याने मुंबई सरकारकडे केलेला अर्जही त्या वेळी मान्य झाला नाही. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्यास शाळेत जाऊ लागले तेव्हा त्यांस बसावयास घरून गोणपाट न्यावे लागे. त्यांनीच लिहून ठेविले आहे की, शाळा झाडण्यासाठी ठेविलेले नोकर माणूसदेखील त्या गोणपाटास हात लावीत नसे. म्हणून संध्याकाळी ते गोणपाट घरी न्यावयाचे व सकाळी परत आणावयाचे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतावे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. वाचकहो, या एका आठवणीत शाळेची जमीन, शाळेची केरसुणी आणि शाळेचे पाणी ही तिन्ही आली आहेत. अक्षरे शिकविणारी शाळासुद्धा या तीन वस्तूंच्या द्वारे मुलास त्याची पायरी शिकवू शकते. आमच्या पंचवीस मिनिटांचा प्रश्न म्हणूनच लहान नाही.

मिशनच्या शाळांनी या बाबतीत निराळी वाट धरण्याचा यत्न केला, हे खरे आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, कामास आरंभ केला. मिस सिंथिया फरार यांनी आधी मुंबईत व नंतर अहमदनगरास मुलींच्या शाळा चालविल्या. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी १८४८ साली मुलींसाठी शाळा काढली आणि १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला. या इतिहासाचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु अभिमान बाळगताना खरे बोलणेही अवश्य आहे. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या आम्हां लोकांतूनही जातीची आठवण सर्वस्वी गेलेली नाही. सोयरीक जमविताना ती निघते, आडनाव ऐकताच ती डोळ्यांत दिसते. ज्या घरात ती आहे त्या घरातील मूल ती दप्तरात घालून शाळेत आणते. आपल्या शाळेच्या दारावर क्रूस आहे एवढ्याने ती दाराबाहेर राहत नाही.

आता दुसरा अर्ज. तो वाचून आम्हांस प्रथम राग आला, हे आम्ही लपवीत नाही. श्रमाची प्रतिष्ठा, स्वावलंबन, सेवाभाव हे सर्व शब्द आमच्या जिभेवर तयार होते. आम्ही त्या गृहस्थांस शाळेत बोलाविले आणि अर्धा तास उपदेश केला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. नंतर ते एवढेच म्हणाले, “गुरुजी, मागच्या वर्षी वर्गात कुणी दंगा केला तर त्याला आठवडाभर झाडायला कोण लावत होतं?”

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते, कारण असे करणारे आम्हीच होतो. उशिरा येणाऱ्या, गृहपाठ न करणाऱ्या, मारामारी करणाऱ्या मुलास आम्ही पाळी नसताना केरसुणी देत असू. छडीपेक्षा ही शिक्षा सौम्य व उपयुक्त आहे, अशी आमची समजूत होती. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याने मुलास मारणे व त्याचा मानसिक छळ करणे या दोहोंस मनाई केली आहे. पहिल्या मनाईचे आम्ही पालन करीत होतो, दुसरीचा अर्थ आम्ही नीट लक्षात घेतला नव्हता. प्रार्थनेच्या वेळी श्रम पवित्र आहेत असे सांगावयाचे आणि वर्गात तेच श्रम अपराध्यास द्यावयाचे! मुले आमचे बोलणे विसरली आणि आमची कृती त्यांनी पाठ केली. केरसुणी ही वाईट मुलाच्या हाती द्यावयाची वस्तू होय, हा धडा आम्हीच त्यांस शिकविला होता.

आणि त्याचा परिणाम कोणास भोगावा लागला? त्या गृहस्थांचा मुलगा शांत व अभ्यासू आहे. त्यास ही शिक्षा कधीच झाली नव्हती. त्याची नेहमीची पाळी असताना, शिक्षा झालेल्या एका मुलाने आपली केरसुणी त्याच्यापुढे टाकली आणि म्हटले, “घे, हे तर तुझ्याच घरचं काम आहे.” भोवतालची मुले हसली. त्या दिवशी तो मुलगा घरी जेवला नाही. हे सर्व आमच्या व्हरांड्यात, आमच्या खोलीपासून दहा पावलांवर घडले आणि आम्हांस ते जून महिन्यापर्यंत ठाऊक नव्हते.

तेव्हा श्रमप्रतिष्ठेचा उपदेश कोणी कोणास करावा, याचा विचार आम्ही नव्याने करू लागलो. आमच्या प्रांतात हा उपदेश ज्यांस शोभला ती माणसे कोण होती? संत गाडगेबाबा गावात शिरत ते खराटा घेऊन. दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात लोकांची मने झाडीत. साने गुरुजी १९२४ सालापासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाचे काम पाहत. मुलांच्या खोल्या ते स्वतः आवरीत, त्यांचे कपडे धूत, आणि लाजलेली मुले मग आपण होऊन कामाला लागत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास निरनिराळ्या जातींच्या मुलांचे वसतिगृह काढिले, तेथे मुले एका पंगतीस जेवत आणि काम करून शिकत. पंडिता रमाबाईंनी १८९६–९७ च्या दुष्काळात वाचविलेल्या मुलींस केडगावास आश्रय दिला. त्या मुली विणकाम, शेती आणि छापखान्यातील काम शिकल्या. महात्मा गांधींच्या आश्रमात पायखाने साफ करण्याच्या कामातून कोणाचीही सुटका नसे, खुद्द गांधींचीही नाही.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. ज्याच्यावर ते काम लादलेले नव्हते, त्याने ते आपण होऊन प्रथम उचलले. मोठ्यांनी आधी हात घातला आणि मग लहानांस बोलाविले.

योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायाचा बोधही हाच आहे, आणि आम्ही तो इतकी वर्षे अर्धवट सांगत आलो. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून हलके काम हलके मानू नये, असे आम्ही मुलांस सांगत असू. परंतु पाय कोणी धुतले? त्या काळी हे काम दासांचे असे. ते एखाद्या दासाने केले असते तर त्याची आठवण कोणीही ठेविली नसती. ते गुरूने केले, आणि भोजनास बसलेल्यांचे पाय धुतले, म्हणून ते आजवर सांगितले जाते. त्या दिवशीचा धडा घरच्या दासांसाठी नव्हता. पाय धुऊन घेण्याची सवय असलेल्यांसाठी होता. ज्याच्या आजीने सारा जन्म गावाचे रस्ते झाडले त्यास श्रमाची प्रतिष्ठा आम्ही काय शिकविणार? ती शिकण्याची गरज आम्हांस आहे, आणि पहिल्या अर्जावर सह्या करणारांस आहे.

येथे कोणी म्हणेल की, मग त्या एका मुलास सूट द्यावी म्हणजे झाले. आम्हीही असा विचार केला होता; परंतु तो मुलगाच नको म्हणाला. सर्व मुले झाडीत असता तो एकटाच भिंतीशी उभा राहिला तर त्याची जात प्रत्येकास रोज सायंकाळी पुन्हा दिसेल, हे त्या बारा वर्षांच्या मुलास आमच्याआधी कळले. सूट हीदेखील एक खूण होऊ शकते. खूण पुसावयाची असेल तर कामाची रीतच बदलली पाहिजे.

ती आम्ही जुलैपासून बदलली. पहिली गोष्ट, प्रत्येक वर्गाच्या यादीत पहिले नाव वर्गशिक्षकाचे असते, आणि ते केवळ लिहिलेले नसते. दुसरी, कोणते काम कोणास हे कोणीही सांगत नाही. सोमवारी चिठ्ठ्या काढल्या जातात. तिसरी, पैसे देऊन किंवा वशिला लावून सुटका नाही. आजारी मुलास मात्र विश्रांती. चौथी, झाडलोट ही शिक्षा म्हणून कोणासही द्यावयाची नाही. कोणी शिक्षकाने दिल्यास मुलाने मुख्याध्यापकांस सांगावे. पाचवी, मुलींनी वाढावे व मुलांनी बाके उचलावी ही जुनी वाटणी रद्द. चिठ्ठीत जे निघेल ते. सहावी, गटारे, टाक्या, पायखाने आणि उंचावरील कामे मुलांकडे नाहीत. गटार वा मैल्याची टाकी साफ करण्यास कोणाही माणसास संरक्षक साधनांवाचून उतरविणे २०१३ सालच्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. मग मुलांची गोष्टच नको. मुलांचे आरोग्य धोक्यात घालून त्यास संस्कार म्हणणे हे आम्हांस मान्य नाही. शाळेचा खर्च वाचावा म्हणून मुलांस राबविणे हे तर त्याहून मान्य नाही.

पहिल्या आठवड्यात आम्ही केरसुणी घेतली तेव्हा मुले हसली. दुसऱ्या आठवड्यात आमचे झाडणे नीट होत नाही, कोपरे राहतात, असे एका मुलीने आम्हांस दाखवून दिले. ती वसतिगृहात राहते. तिचे आईबाप ऊसतोडीला जातात. सुकलेला पाला आम्ही कसाबसा पाटीत भरीत होतो. तिने वाढ्याची मोळी बांधतात तशी त्याची मोळी दोन हातांत बांधून दाखविली आणि एका वकिलाच्या मुलास ती बांधावयास शिकविली. त्या मुलास तीन वेळा ती साधली नाही. वर्गात जिला क्वचितच उत्तर येते अशा मुलीपाशी विद्या आहे, हे त्या दिवशी सर्व वर्गाने पाहिले. आम्हीही पाहिले.

सगळे सुधारले असे मात्र आम्ही म्हणत नाही. काही मुले अजून पाळीच्या दिवशी पोट दुखते म्हणून सांगतात. एका पालकाने आपला मुलगा शाळेतून काढून नेला. परंतु व्हरांड्यात टाकल्या जाणाऱ्या खाऊच्या पुड्यांचे कागद खरोखर कमी झाले आहेत. जो स्वतः उचलतो तो टाकताना थबकतो. आणि “तुझ्याच घरचं काम” हे शब्द पुन्हा ऐकू आले नाहीत. ते कोणाच्या मनातही उरले नाहीत असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. कान मात्र उघडे ठेविले आहेत.

दुसरा अर्ज लिहिणारे गृहस्थ ऑगस्टात एका सायंकाळी फाटकाशी येऊन उभे राहिले. त्यांनी यादी पाहावयास मागितली, ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि परत दिली. अर्ज त्यांनी मागे घेतला नाही, आम्हीही तो मागे घ्या असे म्हटले नाही. तो आमच्या मेजाच्या खणात आहे. तो तेथेच असावा. पुढे कधी यादीतील आमचे नाव नुसते शाईचे उरले, तर तो अर्ज बाहेर काढण्याचा अधिकार त्यांचा आहे.

जपानातील शाळांत मुले आपले वर्ग रोज स्वतः झाडतात, आणि त्याचे आमच्याकडे मोठे कौतुक होते. ते योग्यच आहे. परंतु येथे केरसुणीस जातीचा इतिहास आहे, हे विसरून तिकडची रीत उचलता येणार नाही. आमच्या शाळेत केरसुणी सर्वांच्या हाती आली पाहिजे ती याचसाठी की, ती कोणा एकाची म्हणून उरू नये.

शेवटी पालकांस एक विनंती. शाळेतील पंचवीस मिनिटांनी जे साधेल ते घरच्या एका वाक्याने पुसले जाते. आपल्या घरी केरसुणी कोण धरतो? आई, बहीण, की पगारी बाई? ती बाई आली म्हणजे तिला पाणी कोणत्या पेल्यातून मिळते? मुले हे सर्व पाहत असतात आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे घेऊन येतात.

आणि मुलांनो, तुम्ही मोठे व्हाल, कोणी डॉक्टर व्हाल, कोणी कचेरीत बसाल, कोणी आमच्यासारखे खडू धराल. ज्या इमारतीत तुम्ही काम कराल तेथे सकाळी लवकर कोणीतरी झाडून गेलेले असेल. त्या माणसास नावाने हाक मारता आली, तर या शाळेतील पंचवीस मिनिटे वाया गेली नाहीत असे आम्ही समजू.